बिल्ड टूलमधून हेडलेस ब्राउझर चालवणं: गल्प आणि पपेटियरची जोडणी

नोडमधून (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या वातावरणातून) हेडलेस, म्हणजे खिडकी न दाखवणारा, ब्राउझर लाँच करून पेज उघडायला तीन ओळी पुरतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं: पेज तयार कधी झालं ते ओळखणं, पेजमध्ये काही फुटलं तर बिल्डही फुटेल अशी सोय करणं, आणि टास्क कशीही संपली तरी ब्राउझर मागे चालू न राहू देणं. बिल्ड टूल आणि ब्राउझर हे दोन वेगळे प्रोसेस आहेत. ते क्रोमच्या डेव्हटूल्स प्रोटोकॉलवरून एकमेकांशी बोलतात, पण एकाला झालेली इजा दुसऱ्याला आपोआप कळत नाही. कळवण्याची जबाबदारी तुमच्या टास्कची.

उदाहरणात गल्प (बिल्डची कामं टास्क म्हणून चालवणारं टूल) आणि पपेटियर (नोडमधून क्रोम चालवणारी लायब्ररी) धरले आहेत. ग्रंट (गल्पसारखंच टूल) किंवा साध्या एनपीएम स्क्रिप्टमध्ये फक्त बाहेरचं वेष्टन बदलतं. फंक्शनांची आणि पर्यायांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. कोडमध्ये ती मूळ स्पेलिंगनेच लिहायची.

आधी जुनं साफ करा

जुन्या प्रोजेक्टच्या बिल्डमध्ये अजूनही फॅंटमजेएस हा जुना हेडलेस ब्राउझर सापडतो. त्याचं काम मार्च २०१८ मध्ये थांबवलं गेलं. त्यातलं वेबकिट इतकं जुनं आहे की ॲरो फंक्शन दिसलं तरी सिंटॅक्स एरर येते, आणि आपण मात्र स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. पॉलिफिल (नव्या सोयी जुन्या ब्राउझरला पुरवणारा कोड) लावून ते जगवण्यात अर्थ नाही, काढून टाका. ब्राउझरमध्ये चाचण्या चालवणारं कर्मा वापरत असाल तर तेही २०२३ पासून डेप्रिकेटेड आहे.

क्रोममध्ये हेडलेस मोड २०१७ साली आला: लिनक्स आणि मॅकवर ५९ व्या आवृत्तीत, विंडोजवर ६० व्या. त्याच वर्षी पपेटियर आलं. २०२० मध्ये आलेलं प्लेराइट क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट ही तिन्ही इंजिनं चालवतं. निवड सोपी आहे. तिन्ही इंजिनांवर चाचणी हवी तर प्लेराइट. पीडीएफ, स्क्रीनशॉट, प्रीरेंडरिंग किंवा ‘पेज निदान उघडतं का’ एवढीच तपासणी हवी तर पपेटियर पुरतं.

एक फरक लक्षात ठेवा. पूर्वीचा हेडलेस मोड म्हणजे क्रोमपासून वेगळी, हलकी अंमलबजावणी होती. नवा मोड म्हणजे नेहमीचंच क्रोम, फक्त खिडकी न दाखवता. पपेटियरच्या २२ व्या आवृत्तीपासून ‘हेडलेस’ला ‘ट्रू’ दिलं की नवा मोड मिळतो. जुना हवा असेल तर ‘शेल’ असं लिहावं लागतं. शेल लवकर सुरू होतो, म्हणून नुसते स्क्रीनशॉट काढायला तो बरा. पण वापरकर्त्याला दिसतं तेच तपासायचं असेल तर नवाच घ्या.

इन्स्टॉल, आणि ‘क्रोम सापडत नाही’

‘पपेटियर’ हे पॅकेज डेव्ह-डिपेंडन्सी म्हणून टाकलं की त्याची पोस्ट-इन्स्टॉल स्क्रिप्ट ‘क्रोम फॉर टेस्टिंग’ची ठरावीक आवृत्ती उतरवून घेते. हे क्रोम स्वतःहून अपडेट होत नाही, आणि बिल्डला नेमकं तेच हवं असतं. ‘पपेटियर-कोअर’ हे पॅकेज काहीच उतरवत नाही. त्याला ब्राउझरचा पाथ तुम्ही द्यायचा. मशीनवर आधीच क्रोम असेल तर कोअर घ्यायचा मोह होतो, पण ते क्रोम एखाद्या रात्री अपडेट होतं आणि सकाळी बिल्ड पडलेलं असतं. टीममध्ये काम असेल तर पूर्ण पॅकेजच वापरा आणि लॉकफाइल (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदणारी फाइल) कमिट करा.

उतरवलेलं क्रोम नोड-मॉड्यूल्समध्ये (पॅकेजं जिथे बसतात त्या फोल्डरमध्ये) जात नाही. १९ व्या आवृत्तीपासून ते होम डिरेक्टरीतल्या डॉट-कॅश फोल्डरमध्ये, पपेटियर नावाच्या उपफोल्डरात जातं. ‘कुड नॉट फाइंड क्रोम’ ही एरर बहुतेक वेळा इथूनच उगवते. सीआयवर (कोड बदलला की बिल्ड आपोआप चालवणाऱ्या मशीनवर) नोड-मॉड्यूल्स कॅशमधून परत येतं, पॅकेज मॅनेजरला वाटतं सगळं जागेवर आहे, पोस्ट-इन्स्टॉल चालतच नाही, आणि क्रोम मात्र कुठेच नसतं. यावर दोन उपाय आहेत. प्रोजेक्टच्या मुळाशी डॉट-पपेटियर-आरसी फाइल ठेवून ‘कॅश डिरेक्टरी’ प्रोजेक्टमध्येच वळवायची आणि तो फोल्डरही सीआयच्या कॅशमध्ये घालायचा. नाहीतर बिल्डच्या आधी ‘एनपीएक्स पपेटियर ब्राउझर्स इन्स्टॉल क्रोम’ ही कमांड स्पष्टपणे चालवायची. क्रोम आधीच असेल तर ती काही न करता परत येते. पीएनपीएम या पॅकेज मॅनेजरच्या १० व्या आवृत्तीपासून डिपेंडन्सीच्या इन्स्टॉल स्क्रिप्ट परवानगीशिवाय चालत नाहीत, तिथे तर दुसरा उपाय लागतोच.

टास्कचा सांगाडा

गल्पची टास्क एसिंक फंक्शन म्हणून लिहा. चौथ्या आवृत्तीपासून प्रत्येक टास्कने प्रॉमिस किंवा स्ट्रीम परत करावी लागते, नाहीतर कॉलबॅक बोलवावा लागतो. हे राहिलं की ‘डिड यू फरगेट टू सिग्नल एसिंक कम्प्लिशन’ असा ओरडा येतो. ग्रंटमध्ये ‘धिस डॉट एसिंक’ बोलवून मिळालेलं ‘डन’ शेवटी बोलवायचं, आणि टास्क अपयशी ठरवायची तर त्याला ‘फॉल्स’ द्यायचं.

फंक्शनच्या आत क्रम असा ठेवा:

१. बिल्ड झालेल्या फोल्डरवर स्थानिक सर्व्हर सुरू करा.
२. ‘ट्राय’ उघडा आणि त्याच्या आत ब्राउझर लाँच करा. ब्राउझरचा व्हेरिएबल मात्र ‘ट्राय’च्या बाहेर जाहीर केलेला हवा, नाहीतर ‘फायनली’ला तो दिसणार नाही.
३. नवीन पेज घ्या, व्ह्यूपोर्ट (पेज दिसण्याच्या चौकटीचा आकार) ठरवा, एरर ऐकणारे लिसनर लावा.
४. ‘गोटू’ने पत्ता उघडा, स्टेटस तपासा, पेज तयार होण्याची वाट पाहा.
५. काम करा: तपासणी, स्क्रीनशॉट, पीडीएफ, काय असेल ते.
६. साठलेल्या एरर असतील तर एकत्र करून ‘थ्रो’ करा.
७. ‘फायनली’मध्ये आधी ब्राउझर बंद करा, मग सर्व्हर.

सातव्या पायरीतला क्रम उलटा केला तर टास्क कधीकधी लटकते. नोडचा सर्व्हर ‘क्लोज’ म्हटल्यावर नवीन जोडण्या घेणं थांबवतो, पण चालू असलेल्या संपेपर्यंत थांबतो, आणि ब्राउझर जोडण्या धरून बसलेला असू शकतो. ब्राउझर गेला की जोडण्याही जातात. १८.२ पासून नोडमध्ये ‘क्लोज ऑल कनेक्शन्स’ आहे, पण क्रम बरोबर असेल तर त्याची गरज पडू नये.

टास्कच्या मध्येच ‘प्रोसेस डॉट एक्झिट’ बोलवू नका. तो ‘फायनली’ला वाट देत नाही, आणि तुमची आवराआवर अर्ध्यात राहते. एरर ‘थ्रो’ करा. गल्प टास्क अपयशी ठरवून शून्येतर एक्झिट कोड देतं. साध्या नोड स्क्रिप्टमध्ये ‘प्रोसेस डॉट एक्झिटकोड’ला १ द्या आणि प्रोसेसला आपलं आपण संपू द्या.

सर्व्हर का लागतो

फाइल प्रोटोकॉलने थेट एचटीएमएल उघडता येतं, आणि एकाच फाइलचं पीडीएफ करायचं असेल तर ते पुरतंही. पण ईएस मॉड्यूल असलेलं पेज तसं चालत नाही: फाइलचं ओरिजिन ‘नल’ धरलं जातं आणि सीओआरएस (दुसऱ्या ओरिजिनवरून फाइल घ्यायला अटकाव करणारा ब्राउझरचा नियम) आडवा येतो. स्लॅशने सुरू होणारे पाथही डिस्कच्या मुळाकडे बोट दाखवतात. म्हणून छोटा स्टॅटिक सर्व्हर घ्या. तो जावास्क्रिप्ट फाइलींना योग्य एमआयएमई प्रकार देतो ना ते पाहा, कारण त्याशिवाय ब्राउझर मॉड्यूल चालवायला नकार देतो. स्वतः दहा ओळींचा सर्व्हर लिहिणारे नेमके इथेच अडकतात.

पोर्ट ठरवून देऊ नका. ‘लिसन’ला शून्य द्या, ऑपरेटिंग सिस्टिम मोकळा पोर्ट देते आणि तो ‘सर्व्हर डॉट ॲड्रेस’मधून वाचता येतो. एकाच मशीनवर दोन बिल्ड चालू असली तरी भांडण होत नाही. पत्त्यात लोकलहोस्टऐवजी सरळ १२७.०.०.१ लिहा, आणि सर्व्हरही त्याच पत्त्यावर ऐकू द्या. नोडच्या १७ व्या आवृत्तीपासून लोकलहोस्टचा अर्थ आयपीव्ही-सहाचा पत्ता निघू शकतो, आणि मग सर्व्हर चालू असूनही जोडणी नाकारली जाते.

लाइव्ह-रीलोडवाला डेव्ह सर्व्हर या कामाला वापरू नका. तो पेजमध्ये स्वतःची स्क्रिप्ट घुसवतो, म्हणजे तुम्ही तपासता ते आणि लोकांपर्यंत जातं ते वेगळं.

पेज तयार कधी झालं?

सगळ्यात जास्त वेळ इथे खर्च करा. बिल्ड ‘कधीकधी पडतं’ अशी तक्रार बहुधा इथूनच येते.

‘गोटू’ला ‘वेट अंटिल’ देता येतं. ‘डीओएम कंटेंट लोडेड’ म्हणजे एचटीएमएल वाचून झालं. ‘लोड’ म्हणजे चित्रं आणि स्टाइलशीटही आल्या. काही सांगितलं नाही तर हेच धरलं जातं. ‘नेटवर्क आयडल शून्य’ म्हणजे ५०० मिलिसेकंद एकही विनंती चालू नव्हती, आणि ‘नेटवर्क आयडल दोन’ म्हणजे तेवढाच वेळ दोनपेक्षा जास्त नव्हत्या. यातलं कुठलंही तुमच्या ॲपला डेटा मिळून तो पडद्यावर आला याची हमी देत नाही. शिवाय पेज दर काही मिलिसेकंदांनी सर्व्हरला विचारत असेल, तर ‘आयडल शून्य’ कधी येतच नाही आणि ३० सेकंदांचा ठरलेला टाइमआउट लागतो.

पक्का मार्ग एकच: तयार झाल्याची खूण ॲपलाच ठेवू द्या. रेंडर संपलं की बॉडीवर एखादा डेटा-ॲट्रिब्यूट लावा आणि टास्कमध्ये ‘वेट फॉर सिलेक्टर’ने त्याची वाट पाहा. ॲपला हात लावता येत नसेल तर शेवटी दिसणारा घटक निवडा. ‘दोन सेकंद झोप’ हा उपाय स्वतःच्या लॅपटॉपवर चालतो आणि ओझ्याखालच्या सीआय मशीनवर पडतो. पपेटियरने २२ व्या आवृत्तीत ‘वेट फॉर टाइमआउट’ काढूनच टाकलं, ते बरं केलं.

बाहेरच्या ॲनालिटिक्स किंवा जाहिरातींच्या विनंत्या अडवायच्या असतील तर ‘सेट रिक्वेस्ट इंटरसेप्शन’ चालू करा. एकदा ते चालू केलं की प्रत्येक विनंतीला ‘कंटिन्यू’, ‘अबॉर्ट’ किंवा ‘रिस्पॉन्ड’ यांपैकी उत्तर द्यावंच लागतं. कोडमधली एखादी अट सुटली तर ती विनंती आणि तिच्यामागे पेज गुपचूप अडकून राहतं, टाइमआउट लागेपर्यंत एररही येत नाही.

चूक बिल्डपर्यंत पोहोचवणं

‘गोटू’ ४०४ किंवा ५०० आल्यावर एरर फेकत नाही. ब्राउझरच्या दृष्टीने पेज व्यवस्थित उघडलेलं असतं, फक्त ते एरर-पेज असतं. म्हणून परत मिळालेल्या रिस्पॉन्सचा ‘ओके’ तपासा. हे न करणारं बिल्ड ‘पान सापडले नाही’चा सुंदर स्क्रीनशॉट काढून हिरवं होतं.

यानंतर तीन लिसनर लावा, आणि तेही ‘गोटू’च्या आधी, नाहीतर सुरुवातीच्या एरर निसटतात. ‘पेजएरर’ न पकडलेले एक्सेप्शन देतो. ‘रिक्वेस्टफेल्ड’ नेटवर्कवरच पडलेल्या विनंत्या देतो, पण त्यात ४०४ येत नाही, कारण तिथे उत्तर मिळालेलं असतं. ‘कन्सोल’मध्ये संदेशाचा प्रकार ‘एरर’ आहे का ते पाहायचं. लिसनरच्या आतून ‘थ्रो’ करू नका: ते तुमच्या ‘ट्राय’मध्ये येत नाही. एरर एका ॲरेत साठवा आणि शेवटी तपासा.

कन्सोलवर पहिल्याच दिवशी ‘फेल्ड टू लोड रिसोर्स’ दिसेल आणि कुठली फाइल ते कळणार नाही. संदेशाच्या ‘लोकेशन’मध्ये पत्ता असतो, तोही लॉगमध्ये छापा. बऱ्याचदा आरोपी फेव्हिकॉन निघतो. पेजमध्ये ऑब्जेक्ट लॉग केलेला असेल तर इकडे नुसतं ‘जेएस-हँडल’ असं दिसतं. खरी किंमत हवी तर प्रत्येक आर्ग्युमेंटवर ‘जेसन व्हॅल्यू’ बोलवा.

इव्हॅल्युएटची भिंत

‘पेज डॉट इव्हॅल्युएट’ला दिलेलं फंक्शन नोडमध्ये चालत नाही. त्याचा मजकूर ब्राउझरकडे पाठवला जातो आणि तिकडे चालतो. त्यामुळे बाहेरचे व्हेरिएबल त्याला दिसत नाहीत. लागतील ते पुढचे आर्ग्युमेंट म्हणून द्या. परत येताना फक्त जेसनमध्ये मावणाऱ्या गोष्टी येतात. डीओएम घटक परत केला तर हाती काही लागत नाही, त्यासाठी ‘इव्हॅल्युएट हँडल’ आहे.

याच कारणाने एक विचित्र एरर येते. बिल्डच्या फाइलीच ट्रान्सपाइल होत असतील किंवा इस्तंबूल या टूलने कव्हरेजसाठी (चाचणीत किती कोड चालला ते मोजायला) बदलल्या जात असतील, तर त्या फंक्शनच्या मजकुरात टूलने घुसवलेली मदतनीस नावं येतात. ब्राउझरला ती ठाऊक नसतात, आणि तुम्ही कधीही न लिहिलेल्या व्हेरिएबलचा ‘रेफरन्स एरर’ समोर येतो. ‘कव्ह’ आणि अंडरस्कोरने सुरू होणारं नाव दिसलं तर इस्तंबूल, आणि दोन अंडरस्कोरनंतर ‘नेम’ दिसलं तर ईएसबिल्ड हे ट्रान्सपाइल करणारं टूल. ती फाइल कव्हरेजमधून वगळा, किंवा फंक्शनऐवजी मजकूरच स्ट्रिंग म्हणून द्या.

अनेक पेजं एकत्र

ब्राउझर एकच लाँच करा, पेजं अनेक उघडा. कुकी आणि स्टोरेज वेगळं हवं तर ‘क्रिएट ब्राउझर कॉन्टेक्स्ट’ वापरा, त्यासाठी नवा ब्राउझर नको. शंभर पत्त्यांवर सरसकट ‘प्रॉमिस डॉट ऑल’ लावलं की शंभर टॅब एकदम उघडतात, प्रोसेसर गुदमरतो आणि निम्मी पेजं टाइमआउट होतात. एका वेळी चारच्या तुकडीने सुरुवात करा, मशीन झेपलं तर वाढवा.

‘ऑल’चा आणखी एक त्रास: पहिलं पेज पडताच ते परततं, ‘फायनली’ ब्राउझर बंद करतं, आणि अजून चालू असलेली बाकी पेजं ‘टार्गेट क्लोज्ड’ म्हणून ओरडतात. मूळ चूक त्या गोंगाटात हरवते. ‘ऑल सेटल्ड’ वापरा आणि शेवटी पडलेल्यांची यादी छापा.

स्क्रीनशॉट आणि पीडीएफ

व्ह्यूपोर्ट सांगितला नाही तर ८०० बाय ६०० मिळतो, म्हणजे बहुतेक साइटचा मोबाइल किंवा टॅबलेट लेआउट. स्क्रीनशॉटच्या आधी ‘डॉक्युमेंट डॉट फॉन्ट्स डॉट रेडी’ची वाट पाहा आणि ‘प्रिफर्स रिड्यूस्ड मोशन’ चालू असल्याचं भासवा. लेझी चित्रं पेज खाली सरकवल्याशिवाय येत नाहीत, तेव्हा पूर्ण पेज हवं असेल तर आधी तळापर्यंत स्क्रोल करा. १६,३८४ पिक्सेलपेक्षा उंच चित्र बिघडतं. डिव्हाइस स्केल दोन असेल तर ही मर्यादा निम्म्यावरच गाठली जाते.

जुन्या चित्राशी पिक्सेल-तुलना करणार असाल तर मूळ चित्रं सीआयच्याच डॉकर इमेजमध्ये काढा. अक्षरांच्या कडा प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमवर वेगळ्या उमटतात. मॅकवर काढलेलं चित्र लिनक्सवर कधीच तंतोतंत जुळणार नाही.

पीडीएफचा कागद ठरवला नाही तर ‘लेटर’ धरला जातो. ए-४ स्पष्ट सांगा. ‘प्रिंट बॅकग्राउंड’ ‘ट्रू’ केल्याशिवाय पार्श्वभूमीचे रंग येत नाहीत. प्रिंटची सीएसएस लागू होते, पडद्याची हवी असेल तर ‘इम्युलेट मीडिया टाइप’ला ‘स्क्रीन’ द्या. हेडर-फूटर चालू करूनही दिसत नसेल तर दोन गोष्टी पाहा: मार्जिन शून्य आहे का, आणि टेम्प्लेटमध्ये फॉन्टचा आकार इनलाइन दिला आहे का. पेजची सीएसएस त्या टेम्प्लेटपर्यंत पोहोचत नाही.

गल्प पाचव्या आवृत्तीचं असेल आणि ही चित्रं पुढे ‘सोर्स’ आणि ‘डेस्ट’मधून जात असतील, तर ‘सोर्स’ला ‘एन्कोडिंग’ ‘फॉल्स’ द्या. नाहीतर बायनरी फाइल यूटीएफ-८ समजून वाचली जाते आणि उघडत नाही. वॉच चालू असेल तर आउटपुटचा फोल्डर वॉचच्या बाहेर ठेवा, नाहीतर स्क्रीनशॉटमुळे बिल्ड आणि बिल्डमुळे स्क्रीनशॉट असा फेरा सुरू होतो.

सीआय आणि डॉकर

बारीक लिनक्स इमेजमध्ये क्रोमला लागणाऱ्या सिस्टिम लायब्ररी नसतात. एररमध्ये एका वेळी एकच नाव येतं, बहुधा लिब-एनएसएस-३. एकेक शोधत बसण्यापेक्षा क्रोमच्या बायनरीवर ‘एलडीडी’ चालवा आणि ‘नॉट फाउंड’च्या सगळ्या ओळी एकदम घ्या. अल्पाइन या छोट्या लिनक्सवर नेहमीच्या ग्लिब-सीऐवजी मसल ही सी लायब्ररी असल्यामुळे पपेटियरने उतरवलेलं क्रोम चालतच नाही, आणि फाइल डोळ्यांसमोर असूनही ‘अशी फाइल नाही’ असं सांगितलं जातं, कारण सापडत नाही तो लोडर. तिथे अल्पाइनचं क्रोमियम पॅकेज टाकून ‘एक्झिक्युटेबल पाथ’ द्या. फॉन्टही लागतात: रोमनखेरीज लिपी असेल आणि नोटोसारखा फॉन्ट नसेल तर चित्रात नुसत्या चौकटी येतात.

रूट म्हणून चालवलं की क्रोम सँडबॉक्सशिवाय सुरू व्हायला नकार देतं. सगळीकडे चिकटवला जाणारा ‘नो-सँडबॉक्स’ फ्लॅग स्वतःच्या बिल्डमधली स्वतःची पेजं उघडायला चालेल. बाहेरचे पत्ते उघडत असाल तर तो लावू नका, रूट नसलेला यूजर तयार करा. उबंटूवर २३.१० पासून ॲपआर्मरने यूजर नेमस्पेसवर बंधन आणल्यामुळे साध्या यूजरलाही ‘नो युजेबल सँडबॉक्स’ दिसू शकतं. तिथे त्या बायनरीसाठी ॲपआर्मरचं प्रोफाइल लिहावं लागतं.

मोठ्या पेजवर टॅब अचानक कोसळत असेल तर शेअर्ड मेमरी पाहा. डॉकर ती मुळात ६४ एमबी देतं. ‘एसएचएम-साइझ’ एक जीबी करा, किंवा क्रोमला ‘डिसेबल-डेव्ह-एसएचएम-यूसेज’ द्या म्हणजे ते टेंप फोल्डर वापरेल. कंटेनर ‘इनिट’ पर्यायासह चालवा, कारण नोड पहिल्या क्रमांकाचा प्रोसेस असेल तर क्रोमचे मेलेले उपप्रोसेस उचलायला कोणी नसतं आणि झोंबी साठत जातात.

अडलं तर

ब्राउझर सुरूच होत नसेल तर लाँचमध्ये ‘डंप-आयओ’ चालू करा; क्रोम स्वतः काय म्हणतं ते टर्मिनलवर येतं. सुरू होऊन चुकीचं वागत असेल तर ‘हेडलेस’ ‘फॉल्स’ आणि ‘स्लो-मो’ला २५० मिलिसेकंद देऊन डोळ्यांनी पाहा. सीआयवरच पडत असेल तर ‘कॅच’मध्ये स्क्रीनशॉट आणि ‘पेज डॉट कंटेंट’ दोन्ही फाइलीत टाका आणि आर्टिफॅक्ट म्हणून ठेवा. या दोन कॉलना त्यांचा वेगळा ‘ट्राय’ हवा: पेज कोसळलेलं असेल तर तेही पडतील आणि मूळ एरर झाकून टाकतील.